विमानातील सीट आणि मोठ्या बांध्याचे प्रवासी : गोव्यातून उडणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशात तिकिटे काढून देण्याचा व्यवसाय मी सोळा वर्षे करीत आहे आणि माझे स्वतःचे वजन ११८ किलो आहे. त्यामुळे खालील प्रश्न मला काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ठाऊक आहेत. ते सहसा मोठ्याने विचारले जात नाहीत. गिऱ्हाईक तारीख ठरवते, पैसे देते, दारापर्यंत जाते आणि मग चप्पल घालता घालता मागे वळून हळू आवाजात विचारते, "पट्टा लागेल ना हो मला?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातील १५ ते ४९ वयाच्या महिलांपैकी सुमारे ३६ टक्के महिलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले होते, तेव्हा असे विचारणारे थोडेथोडके नाहीत.

विमानातील सीट नेमकी किती रुंद असते?

दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवरून उडणारी बहुतेक विमाने दोन घराण्यांतील आहेत, एक एअरबस ए३२० आणि दुसरे बोईंग ७३७. दोन्हींमध्ये वाटेच्या या बाजूला तीन आणि त्या बाजूला तीन अशा सहा सीट असतात. मात्र एअरबसची केबिन आतून सुमारे ३.७० मीटर रुंद आहे, तर बोईंगची सुमारे ३.५४ मीटर. हा फरक शेवटी सीटवरच येऊन पडतो. एअरबसमध्ये दोन आर्मरेस्टच्या, म्हणजे सीटच्या दोन हातांच्या, मधली जागा साधारण १८ इंच म्हणजे ४६ सेंटीमीटरच्या आसपास असते आणि बोईंगमध्ये साधारण १७ इंच म्हणजे ४३ सेंटीमीटर. ७३७ चा घेर मुळात १९५० च्या दशकातील ७०७ या विमानाकडून आला आहे, आणि तो काही आपल्यासाठी वाढणार नाही. एक इंच ऐकायला नगण्य वाटतो, पण ज्याला तो हवा असतो त्याला दीड तासाच्या प्रवासात त्याची किंमत बरोबर कळते. इंडिगोच्या ताफ्यात प्रामुख्याने ए३२० घराण्यातील विमाने आहेत आणि अकासा एअरकडे केवळ ७३७ मॅक्स. विमानाचा प्रकार तिकीट काढताना वेळेच्या खाली बारीक अक्षरांत दिलेला असतो. तो वाचण्याची सवय लावून घ्यावी, पण ऐनवेळी विमान बदलू शकते हेही लक्षात ठेवावे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जास्तीचे पैसे घेऊन "अधिक जागा" म्हणून जी सीट विकली जाते, तीत अधिक जागा पायांसाठी असते. समोरच्या सीटपासूनचे अंतर वाढते, रुंदी तितकीच राहते, आणि पुष्कळदा ती कमीही होते. त्याचे कारण पुढे सीट निवडण्याच्या प्रश्नात दिले आहे. उंच माणसाची अडचण आणि रुंद माणसाची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पैसे भरून सुटते ती बहुधा पहिलीच.

मी त्या सीटमध्ये मावेन की नाही, हे घरबसल्या कसे कळेल?

वजनावरून कळत नाही. शंभर किलोची दोन माणसे एकाच सीटवर बसवून पाहिली तर एक आरामात बसेल आणि दुसऱ्याच्या मांडीत आर्मरेस्ट रुतेल, कारण प्रश्न किलोचा नसून बसल्यावर कंबरेखालचा भाग किती पसरतो याचा आहे. म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांना मी पुढील पद्धत सांगतो. हात नसलेल्या टणक बाकावर किंवा स्टुलावर प्रवासात घालणार त्याच कपड्यांत सरळ बसावे. घरातील दुसऱ्या माणसाने दोन पोळपाट किंवा दोन जाड वह्या उभ्या धरून दोन्ही बाजूंनी कंबरेला हलकेच टेकवाव्यात, दाबू नयेत. आपण उठल्यावर त्या दोन वह्यांमधील अंतर शिंप्याच्या टेपने मोजावे. ते ४३ सेंटीमीटरपर्यंत असेल तर कोठेही अडचण नाही. ४३ ते ४७ च्या दरम्यान असेल तर एअरबस शोधावी; बोईंगमध्येही बसता येईल, पण उतरताना आर्मरेस्टची खूण अंगावर घेऊन उतराल. ५० च्या पुढे असेल तर दोन सीटचा विचार शांतपणे घरी करावा, विमानतळावर नव्हे. घरातील प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून अंदाज बांधू नये, कारण तिचे हात बाहेरच्या बाजूला लवतात आणि विमानातील लवत नाहीत.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक माप असते, ते खांद्यांचे. कंबर सीटमध्ये बसते पण खांदे शेजाऱ्याच्या हद्दीत जातात, आणि याबद्दल कोणत्याही कंपनीच्या नियमांत फारसे लिहिलेले नसते. व्यायामशाळेत जाणारा रुंद खांद्यांचा तरुण शेजाऱ्याची तितकीच जागा घेतो, पण त्याच्याकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही.

सीटबेल्ट पुरला नाही तर काय करावे?

विमानाच्या पट्ट्याची लांबी सर्वत्र सारखी नसते. साधारणपणे ती १०० ते १२० सेंटीमीटरच्या दरम्यान असते, त्यामुळे जातानाच्या विमानात लागलेला पट्टा येतानाच्या विमानात लागत नाही असे सर्रास घडते. यावर साधा उपाय म्हणजे जोडपट्टा, ज्याला केबिन क्रू "एक्स्टेन्शन" म्हणतात. तो सुमारे ६० सेंटीमीटरचा सुटा तुकडा असतो; त्याच्या एका टोकाला जीभ आणि दुसऱ्या टोकाला बकल असते, आणि तो मूळ पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये बसतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

तो कधी मागावा हे अधिक महत्त्वाचे आहे. डिचोलीच्या एक मावशी मुलाकडे कुवेतला निघाल्या होत्या. पट्टा पोटावरून ओढून ओढून त्यांचे बोट लाल झाले, शेवटी त्यांनी त्यावर शाल पांघरली आणि पट्टा लावल्याचे सोंग केले. तपासणीला आलेल्या मुलीने शाल उचलायला सांगितली तेव्हा तीन रांगांतील माणसे मान वळवून पाहत होती. परतीच्या वेळी मी त्यांना एकच वाक्य पाठ करायला लावले. विमानाच्या दारातच, नमस्कार करणाऱ्या मुलीला, चालता चालता म्हणायचे, "बाय, मला एक्स्टेन्शन लागेल, सीटवर आणून दे." त्या म्हणाल्या, आणि सीटवर पोहोचल्या तेव्हा घडी घातलेला पट्टा मासिकाखाली झाकून त्यांच्या हाती देण्यात आला. शाल पांघरून पट्टा न लावणे हे मात्र कोणीही करू नये. हवेचा धक्का बसला की न बांधलेले शरीर छतावर आदळते, मग त्याचे वजन कितीही असो.

पट्टा पोटावरून नव्हे, तर पोटाखालून, कंबरेच्या हाडांवर बसेल असा लावावा. जोडपट्टा लागणाऱ्या प्रवाशाला आपत्कालीन दाराच्या रांगेत बसू देत नाहीत, कारण सुटा पट्टा पायात अडकू शकतो. तेव्हा ती रांग पैसे देऊन निवडू नये. ऑनलाइन विकत मिळणारा जोडपट्टा घेऊ नये. कंपन्या प्रवाशाने आणलेला पट्टा सहसा स्वीकारत नाहीत, कारण त्यांच्या पट्ट्याची तपासणी झालेली असते आणि आपल्या पट्ट्याची नसते. मांडीवरील बाळासाठी जो छोटा पट्टा देतात तो वेगळा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

मोठ्या बांध्याच्या प्रवाशाने दोन सीट घ्याव्यात असा भारतात कायदा आहे का?

तसा कायदा नाही, आणि कंपनीने दुसरी सीट फुकट द्यावी असाही नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, उशीर, रद्द उड्डाणे, बोर्डिंग नाकारणे, दिव्यांगांची ने-आण अशा अनेक बाबींवर नियम करते. बांध्याच्या प्रश्नावर मात्र निर्णय प्रत्येक कंपनीच्या वाहतूक अटींवर सोडलेला आहे. त्या अटींचा गाभा जगभर एकच आढळतो. दोन्ही आर्मरेस्ट खाली करून बसता आले पाहिजे, पट्टा (जोडपट्ट्यासह) लागला पाहिजे आणि शेजारच्या सीटवर अतिक्रमण होता कामा नये. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने २००९ मध्ये नेमके हेच तीन मुद्दे लेखी नियम म्हणून जाहीर केले होते. आपल्याकडे ते बहुधा क्रूच्या नजरेवर चालते, आणि नजर माणसागणिक बदलते. लिहिलेला नियम कडक असला तरी मला तो परवडतो; न लिहिलेला नियम कधी कोणावर उगारला जाईल हे सांगता येत नाही.

लठ्ठपणा हे दिव्यांगत्व मानले जाते का, असेही काही जण विचारतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे नोंदलेली आहेत आणि त्यांत लठ्ठपणा नाही. सांधे, स्नायू किंवा अन्य कारणाने चालण्यास अडचण असेल तर त्या अडचणीच्या आधारे सहाय्य मागता येते.

दुसरी सीट घ्यायची ठरवली तर तिकीट कसे काढावे?

येथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. तिकिटे विकणाऱ्या संकेतस्थळांवर दोन प्रवासी अशी नोंद करून दोन्हीकडे स्वतःचेच नाव घातले, तर यंत्रणा ते दुबार आरक्षण समजून त्यातील एक रद्द करू शकते. दुसरे नाव नवऱ्याचे किंवा मुलाचे घातले, तर तो माणूस विमानतळावर आला नाही म्हणून ती सीट "नो शो" ठरते. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जोडसीटचा पर्याय आहे का ते पाहावे; नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून एकाच आरक्षणात दुसरी सीट जोडून घ्यावी. विमान व्यवसायात अशा सीटला "ईएक्सएसटी" (EXST) असा संकेत आहे, आणि तिकिटावर प्रवाशाच्या नावाबरोबर ही चार अक्षरे दिसली की काम बरोबर झाले असे समजावे. भारतात हा विषय सामान्य प्रवाशांच्या कानावर आला तो साथीच्या काळात. जुलै २०२० मध्ये शेजारी माणूस नको म्हणून इंडिगोने एका प्रवाशाला दोन सीट विकायला सुरुवात केली होती. भीतीपोटी निघालेली सोय आमच्यासारख्यांना गरज म्हणून उपयोगी पडली.

तिकीट हाती आले म्हणजे काम संपले असे नाही. दोन्ही सीट वाटेच्या एकाच बाजूला आणि लागून असल्याची खात्री करावी. वेब चेक-इन करताना यंत्रणा त्या कधी कधी आपोआप वेगळ्या रांगांत टाकते. बोर्डिंग पास दोन घ्यावेत आणि गेटवर दोन्ही स्कॅन करून घ्यावेत. आमच्या एका गिऱ्हाईकाने एकच पास पुढे केला, दुसरा खिशात राहिला, आणि यंत्राच्या हिशेबी तो दुसरा प्रवासी आलाच नाही. दार बंद होण्याच्या पाच मिनिटे आधी प्रतीक्षा यादीतला एक तरुण बॅग सांभाळत आला आणि त्यांच्या पैशांच्या सीटवर बसला. क्रूपैकी कोणाचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या हातातील यादीत ती सीट रिकामीच होती. खिडकीच्या आणि मधल्या सीटची जोडी घ्यावी, मधला आर्मरेस्ट उचलावा आणि दुसऱ्या सीटचा पास समोरच्या कप्प्यातून डोकावेल असा ठेवावा.

जोडसीटवर सामानाची मर्यादा दुप्पट होईल असे गृहीत धरू नये. ते विचारून, शक्य तर ईमेलवर, लेखी घ्यावे.

विमान रिकामे गेले तर दुसऱ्या सीटचे पैसे परत मिळतात का?

आपल्याकडे तशी अपेक्षा ठेवून पैसे खर्च करू नयेत. या बाबतीत ज्या कंपनीचे नाव सतत घेतले जाते ती अमेरिकेची साउथवेस्ट. तिच्याकडे अनेक वर्षे दुसऱ्या सीटचे पैसे मागाहून परत मिळत, आणि आगाऊ घेतली नसेल तर विमानतळावरही ती मागता येत असे. २७ जानेवारी २०२६ पासून ठरावीक सीट देण्याची पद्धत सुरू करताना कंपनीने हा नियमही आवळला. आता सीट आधीच विकत घ्यावी लागते, आणि उड्डाणाच्या वेळी विमानात किमान एक सीट रिकामी राहिली असेल, तरच ठरावीक मुदतीत अर्ज करून परतावा मिळतो. समाजमाध्यमांवरील जुने व्हिडिओ पाहून अमेरिकेला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कॅनडात दुसरी सीट मोफत मिळते असे ऐकले, ते खरे आहे का?

खरे आहे, पण अर्धेच. जानेवारी २००८ मध्ये कॅनडाच्या वाहतूक प्राधिकरणाने "एक व्यक्ती, एक भाडे" असा निर्णय दिला. दिव्यांगत्वामुळे किंवा कार्यक्षमतेवर परिणाम करणाऱ्या लठ्ठपणामुळे ज्यांना एकाहून अधिक सीट लागते, त्यांच्याकडून देशांतर्गत प्रवासात दुसरे भाडे घेऊ नये असे त्यात म्हटले होते. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला आणि २००९ पासून हा नियम लागू झाला. तो एअर कॅनडा, वेस्टजेट यांसारख्या कंपन्यांच्या कॅनडांतर्गत उड्डाणांपुरता आहे आणि त्यासाठी वैद्यकीय कागदपत्रे लागतात. म्हणजे टोरांटो ते व्हँकुव्हर या टप्प्यावर तो चालेल. गोव्याहून टोरांटोला पोहोचेपर्यंत चालणार नाही. कनेक्टिंग प्रवासात प्रत्येक टप्प्याचे विमान कोणाचे आहे ते पाहून त्या त्या कंपनीला स्वतंत्रपणे विचारावे लागते.

दुसऱ्या टोकाला सामोआ एअर होती. प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवरच्या या छोट्या कंपनीने २०१३ मध्ये प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन करून किलोप्रमाणे भाडे घेण्यास सुरुवात केली होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील तराजूची आठवण यावी असा हा प्रकार. पण एक गोष्ट तिच्या बाजूने सांगितली पाहिजे. वजनाचे पैसे घेतल्यावर त्या माणसाला त्याच्या मापाची जागा देणे तिला भाग होते.

सीटच्या रुंदीला किमान मर्यादा का नाही?

कारण नियामकांनी आजवर सीटकडे सुरक्षेच्या बाजूने पाहिले, आरामाच्या नाही. विमान प्रमाणित होण्यासाठी त्यातील सर्व माणसे, निम्मी दारे बंद असताना, ९० सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत ही कसोटी आहे. माणूस सीटमध्ये नीट बसला होता का, हा त्या कसोटीचा भाग नाही. अपघाताच्या चाचणीत सीटवर जो पुतळा बांधतात त्याचे वजन १७० पौंड, म्हणजे सुमारे ७७ किलो असते. अमेरिकेत प्रवाशांच्या एका संघटनेने हा विषय न्यायालयात नेला आणि २०१७ मध्ये न्यायालयाने विमान प्रशासनाला त्यावर पुन्हा विचार करण्यास सांगितले. २०१८ मध्ये तर तेथील संसदेने कायदाच करून सीटची लांबी, रुंदी आणि अंतर यांची किमान मापे ठरवण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये लोकांची मते मागवण्यात आली, हजारोंनी ती लिहून पाठवली, आणि मापे काही ठरली नाहीत. दरम्यान मोठ्या विमानांत उलटेच घडले. बोईंग ७७७ मध्ये पूर्वी एका रांगेत नऊ सीट असत, आता अनेक कंपन्या दहा बसवतात. आखाताहून पुढे लंडनला जाणाऱ्या गोवेकरांना वाटते की मोठे विमान म्हणजे मोठी सीट, आणि प्रत्यक्षात हाती येते तीच १७ इंचांची.

कोणती सीट निवडावी?

दोन सीट घेत नसाल तर माझी पसंती खिडकीला आहे. भिंतीच्या बाजूला खांदा टेकवता येतो, एका बाजूला तरी कोणाचा धक्का लागत नाही आणि आपले शरीर वाटेत येत नाही. वाटेकडच्या सीटवर उठबस सोपी असते, पण खाद्यपदार्थांची गाडी दर फेरीला कोपराला लागते. ज्यांना वाटेकडचीच हवी असेल त्यांच्यासाठी एक युक्ती आहे. वाटेकडचा आर्मरेस्ट पक्का वाटतो, पण अनेक विमानांत त्याच्या खालच्या बाजूला, मागे बिजागरीजवळ, बोटाने चाचपडल्यावर एक लहानशी कळ किंवा खाच लागते. ती दाबून धरली की आर्मरेस्ट वर उचलला जातो. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो खाली ठेवावा लागतो. मधल्या वेळात मांडीला श्वास मिळतो.

सर्वांत पुढची, भिंतीसमोरची रांग आणि आपत्कालीन दाराची रांग टाळावी. समोर सीट नसल्यामुळे किंवा ती दूर असल्यामुळे तेथील जेवणाचा ट्रे पुष्कळदा आर्मरेस्टच्या पोटात दडवलेला असतो. त्यामुळे तो आर्मरेस्ट जाड आणि न उचलता येणारा असतो. अगदी शेवटच्या रांगेतील पाठ पुष्कळदा मागे जात नाही. ट्रे पोटाला अडून सपाट होत नसेल तर मधली सीट रिकामी असल्यास तिचा उघडावा, नाहीतर बाटली आणि सँडविच यांवर भागवावे. मी तेच करतो.

मधली सीट रिकामी मिळण्याची शक्यता पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि भर दुपारी सर्वांत जास्त. नाताळ ते नववर्ष, कार्निव्हल, लांबलेले शनिवार-रविवार, आणि मुंबई-पुण्याहून माणसे घरी येतात तो चवथीचा आठवडा, या काळात तशी आशा धरू नये. चेक-इनच्या काउंटरवर "विमान भरलेले आहे का, नसल्यास शेजारची सीट मोकळी ठेवता येईल का" असे शांतपणे विचारावे. दहा वेळा विचारले तर तीन-चार वेळा मिळते, असा माझा अनुभव आहे.

मोपाहून सुटणाऱ्या लहान विमानांत अडचण जास्त असते का?

काही बाबतींत कमी असते. मार्च २०२४ मध्ये सेवा सुरू केलेल्या, गोव्यातल्याच फ्लाय९१ कंपनीकडे एटीआर ७२ ही पंख्यांची विमाने आहेत. त्यांत वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट असल्याने मधली सीटच नसते आणि तक्रार करणारा शेजारी एकच असतो. मात्र चढण्यासाठी मागच्या दाराला जोडलेला अरुंद जिना असतो, आतील छत बुटके असते आणि स्वच्छतागृहात वळणे म्हणजे कसरत. पुण्याच्या छोट्या उड्डाणाला घरून निघतानाच ती सोय उरकून घ्यावी.

विमानतळावर वजन करतील का, ही भीती अनेकांना असते. नियमित प्रवासी विमानांत प्रवाशांचे वजन ठरावीक सरासरीने धरले जाते. एअर न्यूझीलंडने २०२३ मध्ये प्रवाशांना तराजूवर उभे केले होते ते ही सरासरी ताजी करण्यासाठी, आणि आकडा प्रवाशाला किंवा इतरांना दिसणार नाही अशी व्यवस्था होती. लहान विमानात समतोल राखण्यासाठी क्रू एखाद्याला मागे किंवा पुढे बसायला सांगतात. ते बारीक माणसालाही सांगतात, त्यात मानापमान शोधू नये. लक्षद्वीपमधील अगत्तीची धावपट्टी जेमतेम १२०० मीटरची आहे, त्यामुळे तेथे एकूण भाराचा हिशेब काटेकोरपणे केला जातो.

शेजारच्या प्रवाशाने तक्रार केली तर?

माफी मागत बसू नये आणि भांडूही नये. केबिन क्रूला बोलवावे आणि जागा बदलून मिळेल का ते विचारावे. रिकामी सीट असेल तर पाच मिनिटांत प्रश्न सुटतो. तुम्ही स्वतः तो शेजारी असाल तर उठून, क्रूच्या जागेपाशी जाऊन, हळू आवाजात सांगावे. अर्ध्या सीटवर बसण्याची तक्रार रास्त आहे, कारण पैसे तुम्हीही पूर्ण भरले आहेत. पण ती कंपनीविरुद्ध आहे, त्या माणसाविरुद्ध नाही. फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

विमानातून उतरवले किंवा चढूच दिले नाही, तर दाद कोठे मागावी?

आधी कारण लेखी मागावे. जास्त तिकिटे विकल्यामुळे बोर्डिंग नाकारले असेल तर डीजीसीएच्या नियमानुसार भरपाई मिळते. एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत दिले तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाल्यास ४०० टक्के, कमाल २०,००० रुपये. मात्र "सीटमध्ये मावत नाही" हे कारण दिले असेल तर हे कोष्टक आपोआप लागू होत नाही. म्हणूनच कारणाचा कागद महत्त्वाचा. त्यानंतर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करावा, उत्तर समाधानकारक नसल्यास केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात उत्तर गोव्यातील रहिवाशांना पर्वरीला आणि दक्षिण गोव्यातील रहिवाशांना मडगावला दाद मागता येते. जोडसीटचे पैसे घेऊन ती दिली नाही, हे प्रकरण तेथे सर्वांत भक्कम ठरते, कारण त्यात पावती बोलते.

व्हीलचेअर मागितली तर चालेल का?

गुडघे दुखत असतील किंवा लांब चालल्यावर दम लागत असेल तर जरूर मागावी. आरक्षणाच्या वेळी, किंवा निदान ४८ तास आधी कळवावे आणि रुंद खुर्ची हवी असल्याचे त्याच वेळी सांगावे. विमानाच्या आतील वाटेत जी खुर्ची वापरतात ती फारच अरुंद असते; दारापासून सीटपर्यंत चालता येत असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

लांबच्या प्रवासात प्रकृतीची कोणती काळजी घ्यावी?

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. एरवी तो लहान असतो, पण लठ्ठपणा, खूप जास्त उंची किंवा खूप कमी उंची असल्यास वाढतो. पायाचे घोटे फिरवावेत, दर दीड-दोन तासांनी उठावे आणि पाणी प्यावे. अवघडल्यामुळे न उठणे आणि स्वच्छतागृह टाळण्यासाठी पाणी न पिणे, या दोन चुका आपण मोठी माणसे हमखास करतो. पूर्वी गाठ झालेली असेल तर दाबमोजे किंवा औषध याबाबत डॉक्टरांना विचारूनच निघावे. झोपेत श्वासासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी ते हातातील सामानात ठेवावे आणि कंपनीला आधी कळवावे.

त्यापेक्षा रेल्वेने गेलेले बरे नाही का?

मुंबईपर्यंत जायचे असेल तर पुष्कळदा बरे. मडगाव-मुंबई वंदे भारत जून २०२३ पासून धावते. तिच्या साध्या चेअर कारमध्ये तीन अधिक दोन आणि एक्झिक्युटिव्ह वर्गात दोन अधिक दोन अशी रचना आहे, तेव्हा एक्झिक्युटिव्हचे तिकीट घ्यावे. रात्रीच्या कोकणकन्येत तर अख्खा बर्थ आपला असतो. फक्त खालचा मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी आरक्षण लवकर करावे लागते.